अंगठ्याचा ठणका आणि घरचे उपाय

रात्री जेवूनखाऊन स्वस्थ झोपलेला माणूस दोन-अडीचच्या सुमारास कळवळून जागा होतो. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी कोणी निखारा ठेवावा तशी आग होत असते. दिवा लावून पाहावे तो अंगठा लालबुंद, टरटरून सुजलेला, वरची कातडी चकचकीत. हात लावू म्हटले तर लावू देत नाही. पायावरची चादरसुद्धा सहन होत नाही. घरातली माणसे उठतात. कोणी म्हणते, "मुरगळला असेल." कोणी विचारते, "काही चावले तर नाही ना?" आजी असल्या तर त्यांना निरगुडीचा पाला आठवतो आणि सूनबाई गरम पाण्याची पिशवी भरायला घेतात. उजाडेपर्यंत शेक, लेप, मालिश असे दोन-तीन प्रयोग होऊन जातात आणि अंगठा शांत होण्याऐवजी अधिकच भडकतो.

वाचकहो, हे दुखणे आजकालचे नव्हे. इंग्लंडमधील नामांकित वैद्य टॉमस सिडनॅम यांना स्वतःलाच ते कित्येक वर्षे छळत होते. १६८३ मध्ये त्यांनी त्यावर एक ग्रंथ लिहिला. रोगी झोपेतून कसा उठतो, पांघरुणाचा भार आणि खोलीत कोणी चालले तर त्याचा हादरासुद्धा त्याला कसा सोसवत नाही, याचे त्यांनी केलेले वर्णन आजही डॉक्टरांना जसेच्या तसे पटते. युरोपचा बलाढ्य सम्राट पाचवा चार्ल्स १५५६ मध्ये राज्यत्याग करून मठात जाऊन राहिला, तेव्हा याच रोगाने तो जर्जर झालेला होता. त्याच्या एका बोटाचा अवशेष जपून ठेवलेला होता. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तो तपासला आणि त्यात या रोगाचे स्फटिक त्यांना सापडले. साडेचारशे वर्षांनी निदान पक्के झाले म्हणायचे!

आपल्याकडे चरकसंहितेत 'वातरक्त' या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. या विकाराचे एक नाव तेथे 'आढ्यवात' असे दिले आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुखवस्तू, बैठ्या, खाऊनपिऊन असलेल्या माणसाचा हा वात, असा त्यातला भाव. वातरक्त म्हणजे आजच्या डॉक्टरांचा गाउट तंतोतंत, असे म्हणता येणार नाही. वातरक्ताची व्याप्ती मोठी आहे. पण पायापासून सुरू होणारा, ठणकणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा असा जो विकार जुन्या वैद्यांनी पाहिला, त्यात गाउटचे रोगी असणार यात शंका वाटत नाही. धनवानांची मक्तेदारी मात्र आता राहिलेली नाही. रिक्षा चालवणाऱ्यालाही तो होतो आणि शेतावर राबणाऱ्यालाही.

आता उपायांकडे वळण्यापूर्वी एक घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या बोलण्यात सांध्याचे कोणतेही दुखणे म्हणजे 'वात'. गुडघ्याची गादी झिजून जिना चढताना कळ येते, तोही वात. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तास-तासभर आखडलेली राहतात, तो आमवातही वातच. चिकनगुन्यानंतर महिनोन्‌महिने अंग धरते, त्यालाही आपण तेच म्हणतो. पण यांची कारणे निराळी, उपाय निराळे. झिजलेल्या गुडघ्याला शेकाने बरे वाटते. गाउटने पेटलेल्या अंगठ्याला शेकाने बहुधा बरे वाटत नाही. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला सांगितला जातो, आणि तोही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून आधी ओळख हवी. गाउटचा झटका अचानक येतो, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. पहिल्या खेपेस तो सहसा एकाच सांध्यात असतो; पायाचा अंगठा त्याच्या विशेष आवडीचा, त्याखालोखाल पाऊल, घोटा, गुडघा. बारा ते चोवीस तासांत दुखणे शिगेला पोचते आणि काही केले नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते.

हे 'आपोआप ओसरते' फार महत्त्वाचे आहे. या रोगावरच्या पुष्कळ औषधांची कीर्ती त्यावरच उभी आहे. पाचव्या दिवशी कोणी एक मुळी उगाळून लावली, आठव्या दिवशी सूज उतरली, की मुळीचा जयजयकार! मुळी लावली नसती तरी आठव्या दिवशी ती उतरणारच होती. पुढे सहा महिने, वर्षभर काही होत नाही. रोग गेला असे वाटते. मग एके रात्री तो पुन्हा दार ठोठावतो.

हे असे का होते? आपल्या शरीरातल्या पेशी रोज झिजतात, नव्या होतात. त्यांच्या मोडतोडीतून आणि काही अंशी आपल्या अन्नातून प्यूरीन नावाची द्रव्ये निघतात, आणि त्यांचे शेवटी युरिक आम्ल बनते. गच्चीच्या कठड्यावर कावळ्या-कबुतरांची विष्ठा आपण पाहतो ना? तिच्यातला जो पांढरा भाग, तो मुख्यतः हेच द्रव्य. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगी युरिक आम्ल फोडणारे एक एंझाइम असते. माणसाच्या आणि काही वानरांच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावले. त्यामुळे हे आम्ल आपल्या रक्तात इतर प्राण्यांपेक्षा अधिक राहते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेला आतड्यावाटे जातो. बहुतेक रोग्यांत आम्ल फार तयार होते असे नसते. मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत, हे खरे कारण असते. त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा. तेव्हा गाउटच्या रोग्याला 'खाण्याची शिस्त नाही' म्हणून टोमणे मारणाऱ्या नातलगांनी थोडे सबुरीने घ्यावे.

साखरेचा पाक करताना आपण पाहतो की गरम पाण्यात पुष्कळ साखर विरघळते, पण पाक थंड झाला की ती कडेला जमू लागते. रक्तातल्या युरिक आम्लाचेही तसेच आहे. एक डेसिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅम यापलीकडे प्रमाण गेले की ते विरघळलेल्या स्थितीत राहीनासे होते, आणि सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचू लागतात. पायाचा अंगठा हृदयापासून दूर, अंगातला थंड भाग. म्हणून तेथे आधी. हे स्फटिक वर्षानुवर्षे मुकाट पडून असतात. एखाद्या दिवशी काही कारणाने शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्या लढाईची आग म्हणजे तो झटका. गाउटच्या रोग्यांच्या रक्तात हे आम्ल वाढलेले असते हे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये दाखवले. पण सांध्यातल्या पाण्यात ते स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची खात्रीची रीत अमेरिकेतल्या मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी १९६१ मध्ये दिली. निदानाचा आजही तोच कस आहे.

आता झटक्याच्या रात्री घरी काय करावे ते पाहू.

पहिले म्हणजे पायाला विश्रांती. पाय लोडावर किंवा दोन उशांवर उंच ठेवावा. पांघरूण लागू नये म्हणून पावलांवर खोक्याची एक बाजू कापून किंवा उपडी टोपली ठेवून कमान करावी आणि तिच्यावरून चादर घालावी. उपाय क्षुल्लक वाटतो, पण ज्याने एक रात्र चादरीशी झुंजत काढली आहे त्याला त्याचे मोल कळते. उठावेच लागले तर काठी घ्यावी. बोटे उघडी राहतील अशी सैल चप्पल वापरावी.

दुसरे म्हणजे थंडावा. बर्फाचे खडे पंचात गुंडाळून सुजलेल्या जागी पंधरा-वीस मिनिटे धरावेत, मग काढावेत. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेली घडी चालेल. येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, "अहो, थंडीनेच स्फटिक जमतात म्हणता, आणि पुन्हा बर्फ लावायला सांगता?" प्रश्न योग्य आहे. पण त्या रात्री दुखते ते स्फटिकांच्या संख्येमुळे नव्हे, त्यांच्याभोवती पेटलेल्या दाहामुळे, आणि थंडाव्याने तो दाह व वेदना मंदावतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात एकोणीस रोगी घेतले होते. सर्वांना औषधे सारखीच, पण काहींना जोडीला बर्फ. बर्फ लावलेल्यांचे दुखणे अधिक उतरले. एकोणीस म्हणजे काही फार नव्हेत, हे खरे; पण उपाय स्वस्त आहे आणि रोग्यांचा अनुभवही तसाच आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र बर्फ किंवा गरम पिशवी, दोन्ही आपल्या मनाने वापरू नयेत. थंडीने किंवा चटक्याने कातडी जळाली तरी त्यांना कळत नाही आणि मग लहानशा फोडाची जखम महिनेच्या महिने भरत नाही.

तेल चोळून मालिश करणे या दिवसांत अजिबात नको. निरगुडी, एरंड यांच्या पाल्याचा शेक आमवाताच्या आखडलेल्या बोटांना किंवा कंबरेला खुशाल द्यावा. पेटलेल्या अंगठ्याला नको. लेपांचे म्हणाल तर आंबेहळद किंवा चंदन उगाळून लावल्याने थंड वाटते. वाटत असेल तर लावावे, फक्त चोळू नये आणि कातडी फुटलेली असेल तर लावू नये. त्याने स्फटिक विरघळतील अशी आशाही धरू नये.

तिसरे, पाणी. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी दिवसभर घोटघोट प्यावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात काम करणाऱ्याला तर हे विशेष सांगायला हवे, कारण अंगातले पाणी आटले की आम्ल दाट होते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पातळ ताक उत्तम. लिंबाचे सरबत चालते, साखर बेताची घालून. 'आंबट खाल्ले की वात वाढतो' ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, पण लिंबाने गाउट वाढतो असे काही दिसून आलेले नाही. खाण्याचा सोडा पाण्यात घालून रोज पिण्याची रीत मात्र सोडावी. त्यातल्या सोडियमने रक्तदाब वाढतो, आणि गाउटच्या पुष्कळ रोग्यांना रक्तदाब आधीच असतो.

चौथी गोष्ट घरातली असली तरी औषधाची आहे. झटका सुरू झाल्यापासून जितक्या लवकर, शक्य तर पहिल्या चोवीस तासांत, योग्य गोळी पोटात गेली तितका तो लवकर आटोपतो. म्हणून ज्यांना एकदा निदान झाले आहे, त्यांनी कोणती गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून आणावे आणि ती घरात ठेवावी. डोके दुखते म्हणून आपण घेतो ती ॲस्पिरिन येथे कामाची नाही. थोड्या मात्रेत ती युरिक आम्ल अंगात अडवून ठेवते. हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची लहान गोळी दिली असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. आणि सांधा सुजून थंडी-ताप भरला, तर घरचे सगळे उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. सांध्यात पू होण्याचा विकार गाउटसारखाच दिसतो, आणि तो दोन-चार दिवसांत सांधा कायमचा निकामी करू शकतो.

आता खाण्यापिण्याविषयी. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण येथेच सर्वांत अधिक चुकीचे पथ्य पाळले जाते. रक्त तपासले, युरिक आम्ल थोडे वाढलेले निघाले, की घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती डाळीवर. तूर बंद, मूग बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, वाटाणे बंद. शाकाहारी घरात मग खायचे काय? भात आणि बटाटा! अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या आहाराची बारा वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला; पण प्यूरीन असलेल्या भाज्या व कडधान्ये खाणाऱ्यांत तो अधिक आढळला नाही, आणि दुधाचे पदार्थ, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, घेणाऱ्यांत उलट कमी आढळला. तेव्हा वरण, आमटी, मुगाची उसळ, पालकाची ताकातली भाजी यांना आरोपीच्या पिंजऱ्यातून खुशाल बाहेर काढावे. आपल्या जेवणाच्या शेवटी ताकभात असतो, तो तर या रोगात मित्रच म्हणायचा.

खरे आरोपी निराळे आहेत. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी ही पहिल्या रांगेत. किनाऱ्यावरच्या लोकांना सांगणे जिवावर येते, पण तारली, बांगडा, सुकट, कोळंबी, तिसऱ्या यांचा क्रम त्यांच्यामागोमाग लागतो. प्यूरीन पाण्यात उतरते, म्हणून मटणाचा घट्ट रस्सा आणि 'सांध्यांना ताकद येते' म्हणून हौसेने पिण्यात येणारे पायाचे सूप या रोग्याच्या उपयोगाचे नाही. फोडी खाऊन रस्सा सोडावा, असा उलटा हिशेब येथे आहे! मासे सर्वस्वी सोडा असे मी म्हणत नाही. ज्या घरात रोज आहेत तेथे आठवड्यातून एक-दोनदा, बेताने. मद्य मात्र फारच वाईट, आणि त्यात बिअर सर्वांत वाईट. तिच्यात मद्यार्क आहे आणि वर प्यूरीनही आहे. बाटलीतली गोड थंड पेयेही याच पंक्तीला बसतात. त्यांच्यातल्या फ्रुक्टोज नावाच्या साखरेपासून यकृतात युरिक आम्ल तयार होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मुलाने बिअर सोडली म्हणून आनंदलेली आई त्याच्यासमोर गोड पेयाचा पेला ठेवते, तेव्हा आगीतून निघून फुफाट्यात असा प्रकार होतो.

आमच्या पंचांगातली एक जोडी या रोगाला फार सोयीची पडते. आषाढातली दिव्याची अमावस्या, जिला लोक गमतीने गटारी म्हणतात, त्या दिवशी पुढचा महिनाभर वर्ज्य असलेले सगळे एकदम होऊन जाते, मटण आणि पेले दोन्ही. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो, आणि भाविक मनुष्य कडक उपास धरतो. आता उपासाने आराम पडेल अशी आपली अपेक्षा. पण लांबलेल्या उपासात शरीर चरबी जाळू लागते. त्यातून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडांतून युरिक आम्लाची वाट अडवतात. अमावस्येला ते वाढवायचे आणि श्रावणी सोमवारी ते अडवायचे! निर्जळी उपास तर या रोग्याने करूच नये. करायचाच तर पाणी, ताक, फळे घेऊन करावा. देव त्यावर रागावेल असे वाटत नाही. हेच वजनाविषयी. वजन उतरवल्याने गाउटला निश्चित उतार पडतो, पण ते महिन्या-महिन्याने हळूहळू उतरावे. उपाशी राहून पंधरा दिवसांत उतरवलेले वजन झटका घेऊन येते.

परदेशातल्या चेरी या फळाचे नाव हल्ली पुष्कळांच्या कानावर येते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३३ रोग्यांच्या एका अभ्यासात चेरी खाल्लेल्या दिवसांनंतर झटके कमी आल्याचे दिसले. हिमाचल-काश्मीरची चेरी उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या बाजारात येते. परवडली तर खावी. चार महिने टिकवलेले महागडे रस विकत घेण्याइतका पुरावा मात्र त्यामागे नाही.

एवढे सगळे पथ्य चोख पाळले तरी काय साधते, हेही सांगितले पाहिजे. रक्तातले आम्ल बहुधा एखाद्या मिलिग्रॅमने खाली येते. ज्याचे सात आहे त्याला तेवढे पुरेल. ज्याचे साडेनऊ आहे त्याला पुरणार नाही. स्फटिक विरघळायचे तर प्रमाण सहाच्या खाली उतरून तेथेच वर्षानुवर्षे राहावे लागते. येथे पथ्याची हद्द संपते. आणि नेमका येथेच जाहिरातीतला माणूस आपल्या दारात उभा असतो. "आमचे औषध नैसर्गिक आहे, त्याचा दुष्परिणाम शून्य!"

नैसर्गिक म्हणजे सौम्य, ही समजूत तपासण्यासाठी दूर जायला नको. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले फुलतात, ती कळलावी. दिसायला देखणी, तमिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. हेच द्रव्य हिमालयातल्या सुरंजान नावाच्या कंदात सापडते, जो युनानी हकीम सांधेदुखीवर शतकानुशतके देत आले. युरोपातल्या त्याच जातीच्या कंदातून फ्रान्सच्या पेल्तिए आणि काव्हांतू या रसायनज्ञांनी १८२० मध्ये ते वेगळे काढले. आज डॉक्टर गाउटच्या झटक्याला जी कोल्चिसीनची गोळी देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची असते. अर्धा मिलिग्रॅम! मिठाच्या दोन-चार कणांइतके. योग्य मात्रेत ते झटका मोडते. मात्रा चुकली तर जुलाब-उलट्या आणि पुढे मृत्यूसुद्धा. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. गोळीत माप असते. कंदात किती द्रव्य आहे ते कंद पाहून कळत नाही. जंगलातून आणलेली मुळी आणि कारखान्यातली गोळी यांत असला तर एवढाच फरक, पण तो जीवन-मरणाचा आहे.

गुळवेलीचेही तसेच. वातरक्तावर वैद्य तिला पहिला मान देतात, आणि जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली ती कोणी घेत असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण २०२० नंतर करोनाच्या दिवसांत लोक घरोघर काढे उकळू लागले, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. आपल्यापुरता बोध इतकाच की मोबाइलवर आलेले माप घेऊन महिनोन्‌महिने काढा पिऊ नये, आणि यकृताचा विकार असेल तर मुळीच नाही. दुधीचा रस पिणाऱ्यांनी एक घोट आधी चाखावा. कडू लागला तर ओतून द्यावा. तो कडूपणा विषारी असतो.

सर्वांत घातक म्हणजे बिननावाच्या पुड्या. बाजाराच्या दिवशी तंबूत बसणारा किंवा पत्ता न छापता टपालाने औषध पाठवणारा कोणी तरी त्या देतो. पहिल्या दिवसापासून चमत्कार दिसतो. भूक लागते, सांधे मोकळे होतात, चेहरा भरतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळल्याचे तपासणीत पुन्हा पुन्हा सापडले आहे. भरलेला चेहरा हा तब्येतीचा नव्हे, स्टेरॉइडचा. वर्ष-दोन वर्षांत साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे थकतात. आणि मूत्रपिंडे थकली की युरिक आम्ल बाहेर पडण्याची मुख्य वाटच बंद! औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणाऱ्यांचीही गत निराळी नाही. कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर खडूसारख्या पांढऱ्या गाठी घेऊन, वाकडी बोटे घेऊन माणसे पुढे येतात. दहा-दहा वर्षे त्यांनी फक्त दुखणे दाबलेले असते, रोगाला हात लावलेला नसतो.

रोगाला हात लावणारे औषध आहे, आणि ते महागही नाही. अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ॲलोप्युरिनॉल तेथे १९६६ पासून गाउटसाठी दिले जाऊ लागले. या दोघांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे औषध युरिक आम्ल तयार होणेच कमी करते. त्याच्यासंबंधी तीन गोष्टी रोग्याला ठाऊक नसतात म्हणून ते वाया जाते. ते दुखणे थांबवणारे औषध नव्हे. झटक्याच्या रात्री एक गोळी जास्त घेऊन काही होत नाही. ते थोड्या मात्रेने सुरू करून रक्त तपासत वाढवायचे असते. आणि पहिल्या काही महिन्यांत, जुने स्फटिक हलू लागल्यामुळे, झटके उलट थोडे वाढू शकतात. येथेच पुष्कळ लोक "हे औषध मला मानवत नाही" म्हणून ते सोडून देतात. तसे करू नये. त्या काळासाठी डॉक्टर जोडीला दुसरी गोळी देतात. मात्र अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप भरला तर गोळी तेथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. क्वचित होणारी ही प्रतिक्रिया फार गंभीर असते.

डॉक्टरांकडे जाताना आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी जास्त करणारी गोळी युरिक आम्ल वाढवते. तिच्याऐवजी दुसरी देता येते. क्षयावरच्या उपचारातले पायराझिनामाइडही ते वाढवते, पण ते औषध ठरावीक मुदतीचे असते आणि क्षयाचा उपचार अर्धवट सोडणे हे त्याहून कितीतरी मोठे संकट. बायकांनी आपल्याला हा रोग होत नाही असे धरून चालू नये. पाळी जाईपर्यंत त्यांना निसर्गाचे बरेच संरक्षण असते. नंतर ते उरत नाही, आणि म्हातारपणी बोटांच्या पेरांवर आलेली सूज झिजेचीच असेल असे नाही.

उलटपक्षी, तपासणीत आकडा साडेसात निघाला, पण सांधा कधीच सुजला नाही आणि मुतखड्याचाही त्रास नाही, अशा माणसाने घाबरून औषध सुरू करण्याचे बहुधा कारण नसते. आम्ल वाढलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. आणि आणखी एक चकवा आहे. ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत हा आकडा कधीकधी अगदी बिनधोक दिसतो, आणि "युरिक ॲसिड नाही, गाउट नाही" म्हणून रोगी घरी परततो. तेव्हा झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करून घ्यावी, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवावेत.